मैदान कुणाचं, क्लब कुणाचा? स्टेडियमची मालकी आणि स्थलांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर इथल्या फुटबॉलवेड्यांनी पुन्हापुन्हा पाठवलेले आहेत. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबनं आपलं जुनं मैदान गुडिसन सोडल्यापासून ते वाढले, आणि मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डशेजारी नवं स्टेडियम येणार म्हटल्यावर तर आमच्याकडच्या युनायटेडवाल्यांची झोपच उडाली. भाषा शक्य तिथे विचारणाऱ्याचीच ठेवली आहे. एकच प्रश्न चार तऱ्हांनी आला असेल, तर उत्तर एकदाच दिलंय आणि बाकी ठिकाणी क्रमांक टाकलाय.

१. क्लबचा मालक तोच स्टेडियमचा मालक, एवढं साधं आहे ना?

नाही. सात-बारावर नाव एकाचं, कसणारा दुसरा आणि विहिरीला पैसे घातले तिसऱ्यानं, हा प्रकार आपल्याकडे गावोगाव आहे. स्टेडियमचंही तसंच. जमीन कुणाची, तिच्यावरचं बांधकाम कुणाचं आणि तिथे सामने खेळवायचा हक्क कुणाला, हे तीन वेगळे कागद असतात. तिन्ही एकाच नावावर असले तर प्रश्नच नाही. लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल यांचं साधारण तसं आहे. पण मँचेस्टर सिटी हा क्लब तिथल्या महापालिकेचा भाडेकरू आहे. न्यूकॅसलचं सेंट जेम्स पार्क शहराच्या जमिनीवर भाडेपट्ट्यानं उभं आहे. आणि चेल्सीच्या मैदानाचे कागद तर चाहत्यांच्या कंपनीकडे आहेत (प्रश्न १० पाहा).

त्यामुळे कुठल्याही स्थलांतराच्या वादात पडण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारायचा: कागद कुणाच्या नावावर आहे? निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

२. भाऊ, चांगलं चाललेलं जुनं मैदान सोडतात तरी कामून?

पैसा आणि जागा, या दोन कारणांनी. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात शेवटी ९७ जणांचे जीव गेले. त्यानंतरच्या टेलर अहवालावरून सरकारनं इंग्लंडमधल्या वरच्या दोन श्रेणींतल्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्ची सक्तीची केली. उभ्यानं बघायच्या पायऱ्या गेल्या आणि जिथे पूर्वी पन्नास-साठ हजार माणूस मावायचं, तिथे चाळीसच्या आत आलं. हायबरी या जुन्या मैदानात आर्सेनलला जेमतेम ३८ हजार खुर्च्या बसवता आल्या. वाढवायचं म्हटलं तर चारही बाजूंनी घरं, आणि पूर्वेकडचा स्टँड वारसा म्हणून संरक्षित. २००६ मध्ये ते चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या ६० हजारांच्या एमिरेट्सला गेले.

नुसत्या खुर्च्यांचीही गोष्ट नाही. खरी कमाई काचेच्या खोल्यांत बसून जेवणाऱ्या कंपन्यांच्या पाहुण्यांकडून होते. १८९२ मध्ये गुडिसन किंवा १९१३ मध्ये हायबरी बांधणाऱ्यांनी या पाहुण्यांचा विचार केला नव्हता.

३. मग सगळे मोठे क्लब सोडतातच का?

नाही. लिव्हरपूलनं स्टॅन्ली पार्कमध्ये नवं स्टेडियम बांधायचा बेत बरीच वर्षं चालवला, २०१२ मध्ये तो सोडला आणि अ‍ॅनफिल्डच वाढवलं. २०१६ मध्ये मुख्य स्टँड झाला, नंतर अ‍ॅनफिल्ड रोडकडची बाजू, आणि आता तिथे ६१ हजारांच्या आसपास लोक बसतात. बार्सिलोनानंही जागा सोडली नाही. कॅम्प नूची पुनर्बांधणी चालू असताना ते २०२३ पासून माँजुइकच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्धवट बांधकामातच घरी परतले. शेजारची जमीन मिळत असेल तर राहणं शक्य असतं. अ‍ॅनफिल्डला मात्र ती मिळवताना आजूबाजूची घरं वर्षानुवर्षं ओस पडली आणि त्या गल्लीतल्या लोकांना त्याचा त्रास झाला, हेही लक्षात असू द्या. राहण्याचीही किंमत असते. फक्त ती तिकिटावर छापलेली नसते.

४. एव्हर्टनचं नेमकं काय झालं? सविस्तर सांगा.

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. सविस्तरच सांगतो.

एव्हर्टन आधी अ‍ॅनफिल्डवर खेळायचा. हो, त्याच अ‍ॅनफिल्डवर. ती जागा जॉन होल्डिंग नावाच्या दारूभट्टीवाल्या राजकारण्याच्या हातात होती. भाडं आणि जागेच्या अटींवरून क्लबच्या सभासदांशी त्याचं बिनसलं आणि १८९२ मध्ये एव्हर्टन बागेपलीकडे गुडिसन पार्कला निघून गेला. होल्डिंगकडे मैदान उरलं, क्लब उरला नाही. म्हणून त्यानं नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या दोन क्लबांचं सव्वाशे वर्षांचं वैर हे मुळात घरमालक-भाडेकरूचं भांडण आहे.

गुडिसन हे मैदान म्हणून फार देखणं होतं. वास्तुरचनाकार आर्चिबाल्ड लीचच्या स्टँडवर लोखंडी कैच्यांची नक्षी होती, आणि एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च इतकं खेटून की ते स्टेडियमचाच भाग वाटावं. पण खांबामागे खुर्ची आली की गोल अर्धाच दिसायचा. लाकडी फळ्या, अरुंद जिने, वाढायला एक फूट जागा नाही. आधी किंग्ज डॉकचा बेत फसला, मग शहराबाहेर कर्कबीचा. कर्कबीला तर चाहत्यांचाच विरोध होता, कारण ते शहराच्या हद्दीबाहेर होतं. शेवटी मर्सी नदीकाठी ब्रॅम्ली-मूर गोदीत भर घालून ५२ हजारांहून जास्त क्षमतेचं स्टेडियम उभं राहिलं. युनेस्कोनं २०२१ मध्ये लिव्हरपूलच्या बंदराचा जागतिक वारसा दर्जा काढून घेतला. त्यामागच्या कारणांत हे स्टेडियमही होतं.

पुरुष संघाचा गुडिसनवरचा शेवटचा सामना १८ मे २०२५ रोजी साउथहॅम्प्टनशी झाला. २-० असा तो जिंकला, आणि दोन्ही गोल इलिमान एन्जायचे. नव्या घरात लीगचा पहिला सामना २४ ऑगस्टला ब्रायटनशी झाला, तोही २-०, आणि पहिला गोल पुन्हा एन्जायचाच. गुडिसन पाडायचं ठरलं होतं, पण आता तिथे एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय कुठला विचाराल तर माझ्या मते हाच.

५. भाड्यानं राहण्यात एवढं वाईट काय? सिटीचं तर झकास चाललंय.

सिटीचं झकास चाललंय, वेस्ट हॅमचं नाही. दोन्ही भाडेकरू, दोघांनाही मोठ्या स्पर्धेसाठी सरकारी पैशातून बांधलेलं स्टेडियम मिळालेलं. फरक करारात आणि धावपट्टीत आहे.

मँचेस्टरचं स्टेडियम २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलं. स्पर्धेनंतर ते फुटबॉलला द्यायचं हे पाया खोदायच्या आधीच ठरलं होतं. स्पर्धा संपल्यावर धावपट्टी उखडली, जमीन खोल खणली, खाली आणखी खुर्च्यांच्या रांगा बसवल्या, आणि २००३ मध्ये सिटी आपलं जुनं मैदान मेन रोड सोडून तिथे आली. करार २५० वर्षांचा. सुरुवातीला भाडं असं, की मेन रोडवर मावत होती त्याहून जास्त तिकिटं खपली तर वरच्या कमाईत महापालिकेचा वाटा. पुढे करार बदलला, पण स्टेडियमचा रोजचा कारभार क्लबच्याच हातात राहिला.

लंडनचं स्टेडियम २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलं आणि त्याचं पुढे काय करायचं हे नंतर ठरत गेलं. धावपट्टी ठेवायची होती. म्हणून फुटबॉलच्या वेळी पुढे ओढायच्या आणि उन्हाळ्यात मागे न्यायच्या खुर्च्या आल्या, आणि त्यांच्या नुसत्या हलवाहलवीवर दरवर्षी लाखो पौंड जाऊ लागले. रूपांतराचा खर्च ३२ कोटी पौंडांच्या वर गेला. त्यात क्लबनं घातले दीड कोटी. वेस्ट हॅमला ९९ वर्षांचा करार मिळाला, भाडं सुरुवातीला वर्षाला २५ लाख पौंडांच्या आसपास. लंडनच्या करदात्यानं डोक्याला हात लावला, आणि क्लबच्या मालकांना वाटलं लॉटरी लागली.

चाहत्यांना मात्र गोलमागच्या खुर्चीवरून पलीकडचा गोल दुर्बिणीतून बघावा लागेल असं अंतर मिळालं. वेस्ट हॅमच्या जुन्या अप्टन पार्कला १९०४ पासून प्रेक्षक इतके जवळ बसायचे, की थ्रो-इन घेणाऱ्याला शिव्या स्पष्ट ऐकू जायच्या. १० मार्च २०१८ ला बर्नलीविरुद्ध संघ ०-३ नं हरला, त्या सामन्यात लोक मैदानात घुसले. एकानं कोपऱ्यातला झेंडा उपटला आणि मधल्या वर्तुळात जाऊन उभा राहिला. कर्णधार मार्क नोबलची एका घुसखोराशी झटापट झाली. शेकडो लोक संचालकांच्या खोलीखाली जमून ओरडत होते. राग हरण्याचा नव्हता, घर विकल्याचा होता.

भाडं स्वस्त असलं म्हणजे सौदा चांगला असतोच असं नाही. खानपानाची कमाई कुणाची, नाव विकायचा हक्क कुणाचा, खुर्च्या बदलायच्या तर परवानगी कुणाची, हे बघायचं. वेस्ट हॅमच्या हातात यातलं फार थोडं आहे.

६. नवीन मैदानात गेलं की संघ घसरतो, खरं का?

आर्सेनलमुळे पसरलेली समजूत. कर्ज फेडायचं म्हणून खेळाडू विकले, आणि २००५ नंतर थेट २०१४ मध्ये एफए कप हाती लागला. पण त्याच काळात सिटी नव्या मैदानात चॅम्पियन झाली. टॉटनहॅमनं एप्रिल २०१९ मध्ये नवं स्टेडियम उघडलं आणि दोन महिन्यांत चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली. एवढ्या शिव्या खाल्लेल्या लंडन स्टेडियममधूनही वेस्ट हॅमनं २०२३ मध्ये कॉन्फरन्स लीग जिंकली. संघ घसरतो तो कर्जानं, खुर्च्यांनी नाही.

७. स्टेडियमला विमान कंपनीचं नाव दिलं, म्हणजे मालकी त्यांची झाली का?

नाही. तो पाटी लावण्याचा हक्क असतो, ठरावीक वर्षांपुरता. युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, सामन्यांत तर पाटीही झाकतात. एमिरेट्स तिथे ‘आर्सेनल स्टेडियम’ होतं. न्यूकॅसलच्या तेव्हाच्या मालकानं २०११ मध्ये सेंट जेम्स पार्कचं नाव बदलून स्वतःच्या दुकानांचं नाव दिलं होतं. लोक इतके भडकले की पुढच्याच वर्षी जुनं नाव परत आलं. एक निरीक्षण: अगदी नव्या स्टेडियमला कंपनीचं नाव चालतं, जुन्याला नाही. त्यामुळे स्थलांतराच्या हिशोबात ही कमाई आधीच धरलेली असते.

८. मालकानं स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकलं. हा काय प्रकार?

ही कागदोपत्री चलाखी. लीगचे नियम सांगतात की क्लबनं अमुक एवढाच तोटा करावा. तोटा जास्त झाला, की मालक स्टेडियम क्लबकडून आपल्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर ‘विकत’ घेतो, आलेली रक्कम नफा म्हणून दाखवतो, आणि क्लब आपल्याच मैदानाचा भाडेकरू होतो. डर्बी काउंटीच्या प्राइड पार्कचं असं झालं, सुमारे ८ कोटी पौंडांत. शेफील्ड वेन्सडेच्या हिल्सबरोचंही झालं, ६ कोटींत, आणि तो व्यवहार चुकीच्या वर्षात दाखवला म्हणून त्यांचे गुण कापले गेले.

खरं दुखणं नंतर कळतं. २०२१ मध्ये डर्बी दिवाळखोरीच्या कारवाईत गेला, तेव्हा घेणाऱ्यांना क्लब एकाकडून आणि मैदान दुसऱ्याकडून घ्यायचं होतं. मैदानावर कर्ज वेगळं. गिऱ्हाइकं आली आणि गेली. शेवटी २०२२ च्या उन्हाळ्यात एका स्थानिक व्यावसायिकानं दोन्ही घेतलं म्हणून क्लब वाचला. तुमचा क्लब अशी ‘विक्री’ करताना दिसला, तर त्या वर्षीच्या नफ्याचे पेढे वाटू नका.

९. चाहत्यांना यात कायद्यानं काही बोलता येतं का, की नुसत्या घोषणा द्यायच्या?

आता थोडंफार येतं. इंग्लंडमध्ये २०११ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानं लोकांना एखादी जागा ‘समाजाच्या उपयोगाची’ म्हणून नोंदवून घ्यायची सोय दिली. नोंद झाली की मालक ती जागा परस्पर विकू शकत नाही. आधी कळवावं लागतं, आणि लोकांना बोली लावायला वेळ मिळतो. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड युनायटेडच्या चाहत्यांनी कसाम स्टेडियमसाठी हे पहिल्यांदा केलं. गंमत म्हणजे ते स्टेडियम क्लबचं नाहीच, क्लबच्या जुन्या मालकाचं आहे. पुढे ओल्ड ट्रॅफर्ड आणि अ‍ॅनफिल्डचीही नोंद झाली. ही सोय विक्री थांबवत नाही, लांबवते.

खरा दात २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याला आहे. त्यानं स्वतंत्र नियामक आणला. घरचं मैदान विकायचं, गहाण टाकायचं किंवा क्लब दुसरीकडे हलवायचा तर त्याची मान्यता लागणार, आणि स्थलांतरात चाहत्यांचं म्हणणं ऐकावं लागणार. आपल्याकडे ज्यांच्या इनामी जमिनी आहेत त्यांना हे चटकन कळेल: सात-बारावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असेल तर जमीन तुमचीच, पण वरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इंग्लंडची मैदानं आता साधारण वर्ग-२ झालीत.

जर्मनीचा ‘पन्नास अधिक एक’ नियम इथे बरेच जण मध्ये आणतात. तो क्लबमधल्या मतांबद्दल आहे (निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे राहावीत), स्टेडियमच्या मालकीबद्दल नाही. तिथेही महापालिकेची स्टेडियमं आहेतच.

१०. चेल्सीचं मैदान चेल्सीचं नाही म्हणतात. थापा ना?

थापा नाहीत. मला स्वतःला हे सगळ्यात आवडणारं प्रकरण.

स्टॅम्फर्ड ब्रिज आधी आणि चेल्सी नंतर. मैदानाच्या मालकानं ते फुलहॅम क्लबला भाड्यानं देऊ केलं, फुलहॅमनं नको म्हटलं, म्हणून १९०५ मध्ये त्या मालकानं चेल्सी काढला. ऐंशीच्या दशकात जमीन बिल्डरांच्या हातात गेली आणि तिथे इमारती होणार असं दिसू लागलं. मालमत्तेचे भाव कोसळले, बिल्डर बुडाले आणि मैदान वाचलं. परत अशी वेळ नको म्हणून १९९३ मध्ये ‘चेल्सी पिच ओनर्स’ ही कंपनी निघाली, आणि शेअर चाहत्यांनी घेतले. मैदानाची जमीन आणि ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ हे नाव दोन्ही तिच्याकडे आहे. क्लब ब्रिज सोडून गेला तर नाव सोबत नेता येणार नाही, अशी ही पाचर. एका माणसानं कितीही शेअर घेतले तरी मतं शंभरच.

२०११ मध्ये चेल्सीचा तेव्हाचा रशियन मालक अब्रामोविच याच्या क्लबनं ही जमीन परत मागितली. ७५ टक्के मतं हवी होती, ६१.६ टक्के पडली. जगातल्या श्रीमंत मालकांपैकी एकाला थोड्याथोडक्या शेअरवाल्यांनी ‘नाही’ म्हटलं. म्हणूनच चेल्सीच्या नव्या स्टेडियमची बातमी आली की त्यासाठी चर्चेत येणाऱ्या अर्ल्स कोर्ट या जागेचा नकाशा बघण्याआधी या भागधारकांचं मत बघायचं.

११. मैदानच काय, अख्खा क्लब दुसऱ्या गावाला नेला तर?

विम्बल्डन. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला क्लब. १९९१ मध्ये त्यांनी आपलं मैदान प्लाव लेन सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कमध्ये भाड्यानं राहू लागले. जुनी जागा विकली गेली, स्वतःचं घर नाही, आणि मालकाला मिल्टन कीन्स या दूरच्या नव्या शहरात स्टेडियमचं गाजर दिसलं. मे २००२ मध्ये तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं परवानगी दिली. क्लब गेला आणि २००४ मध्ये नावही बदललं: एमके डॉन्स.

चाहत्यांनी परवानगी मिळाल्यावर काही आठवड्यांतच स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, गावच्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि नवव्या श्रेणीतून सुरुवात केली. २०११ मध्ये ते वरच्या चार श्रेणींच्या लीगमध्ये परतले. नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर नवं प्लाव लेन उघडलं, आणि क्लब आजही चाहत्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात आहे. ‘स्थलांतर’ हा शब्द इंग्लंडमध्ये शिवीसारखा वापरतात तो याच प्रकरणामुळे. शहरातल्या शहरात एक-दोन मैल जाणं वेगळं. टॉटनहॅम २०११ मध्ये ऑलिंपिक स्टेडियमसाठी स्ट्रॅटफर्डला जायला निघाला होता, तेव्हा त्याच्याच चाहत्यांनी ‘आमचं नाव टॉटनहॅम आहे’ म्हणून विरोध केला होता.

१२. नवं तयार नसताना जुनं विकून टाकलं, असं कुणी केलंय का?

ब्रायटननं. १९९५ मध्ये गोल्डस्टोन ग्राउंड विकलं, १९९७ मध्ये सोडलं, आणि तिथे दुकानं झाली. पुढची दोन वर्षं ‘घरचे’ सामने सत्तर मैलांवरच्या गिलिंगहॅमला, म्हणजे आपल्या हिशोबात नांदेडच्या संघानं घरचे सामने हिंगोलीच्याही पलीकडे जाऊन खेळावेत तसं. मग विदडीनच्या धावपट्टीवाल्या उघड्या मैदानात २०११ पर्यंत. घर मिळायला चौदा वर्षं लागली. नियम सोपा आहे: दुसरी चावी हातात आल्याशिवाय पहिली द्यायची नाही.

१३. एकाच मैदानावर दोन क्लब असतील तर मालक कोण?

तीन तऱ्हा. पहिली, तिसराच मालक: सॅन सिरो दशकानुदशकं मिलान महापालिकेचं होतं आणि इंटर, एसी मिलान भाडेकरू. २०२५ च्या शेवटी दोघांनी मिळून ते १९ कोटी ७० लाख युरोंना घेतलं. शेजारी नवं बांधून जुनं बहुतेक पाडायचा बेत आहे. दुसरी, भागीदारी: म्युनिकचं अलियान्झ अरेना २००५ मध्ये बायर्न आणि १८६० म्युनिक यांनी निम्मंनिम्मं घेऊन उघडलं. वर्षभरात १८६० कडे पैसे संपले आणि त्यांनी आपला हिस्सा बायर्नला विकला. २०१७ मध्ये तर घसरून ते जुन्या छोट्या मैदानात परतले. तिसरी तऱ्हा कोलकात्याची, ती पुढच्या उत्तरात.

१४. आपल्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबांची स्वतःची स्टेडियमं आहेत का?

जवळपास नाहीत. कोलकात्याचं सॉल्ट लेक पश्चिम बंगाल सरकारचं आहे, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल मोठे सामने तिथे खेळतात. त्यांची स्वतःची जुनी मैदानं कोलकात्याच्या मैदान भागात आहेत, पण ती जमीन लष्कराची. कोचीचं स्टेडियम तिथल्या विकास प्राधिकरणाचं. फातोर्डा गोवा सरकारचं. मुंबई सिटी अंधेरीच्या संकुलात खेळते, ते महापालिकेचं. बंगळुरूच्या कंठीरवात धावपट्टी आहे आणि तिच्यावर पहिला हक्क कुणाचा यावरून अ‍ॅथलेटिक्सवाले कोर्टात गेले होते. अपवाद जमशेदपूरचा, तिथे मैदान आणि क्लब दोन्ही टाटा स्टीलचे.

स्वतःचं मैदान नसलं की क्लब उचलायला हलका होतो. पुण्याचा एफसी पुणे सिटी बालेवाडीत खेळायचा. २०१९ मध्ये तो बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच वर्षी दिल्लीचा क्लब भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. २०२५ मध्ये हैदराबादचा क्लब दिल्लीला गेला. विम्बल्डनसाठी लोक वीस वर्षं लढले, आणि बालेवाडीतून क्लब गेला तेव्हा पुण्यात पान हललं नाही. ‘आपल्याकडे फुटबॉल रुजत का नाही’ असं विचारणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

रुजलाय तो कोल्हापुरात. तिथलं शाहू स्टेडियम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या हातात आहे आणि संघ पेठा-तालमींचे. त्यामुळे क्लब विकून दुसऱ्या शहरात न्यायची भानगडच नाही. पाटाकडील तालीम सोलापूरला हलवून दाखवा!

१५. हे सगळं ठीक. मराठवाड्यात आपण खेळतो ती मैदानं कुणाची?

आपल्याकडे व्यावसायिक क्लब नाही, पण मालकीचा प्रश्न आहेच. गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आणि जिल्ह्याजिल्ह्यातली संकुलं शासनाची आहेत, कारभार शासकीय समितीकडे. संभाजीनगरचं गरवारे, नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी स्टेडियम महापालिकांकडे. विद्यापीठ आणि महाविद्यालयांची मैदानं त्या त्या संस्थांची. आमखास मैदानावर फुटबॉलही चालतो आणि निवडणुका आल्या की सभाही. सभेनंतरच्या सकाळी गोलच्या पुढे मंडपाच्या बल्ल्यांचे खड्डे असतात. गोलकीपरनं आधी ते पायानं बुजवायचे आणि मग हातमोजे चढवायचे.

फरक कळतो तो स्पर्धेच्या आदल्या दिवशी. संकुलात आधी पोलीस भरतीची धाव असते, मग कुठलं तरी प्रदर्शन, मग क्रिकेट. फुटबॉलला भाडं भरूनही तारीख नक्की मिळेल असं नाही. मोठं स्टेडियम नसणं ही आपली अडचण नाही, ठरलेले दिवस लेखी नसणं ही आहे. गटांनी वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा लेखी मागाव्यात, तोंडी शब्दावर मंडप बांधू नये.

१६. आमच्या वस्तीतलं मैदान बिल्डरला जाणार अशी कुजबुज आहे. खरं-खोटं कसं काढायचं?

आधी कागद. गावठाणाबाहेरची जमीन असेल तर सात-बारा, शहरात नगर भूमापन झालेलं असेल तर मिळकत पत्रिका. दोन्ही ऑनलाइन बघता येतात. मालकाचं नाव आणि ‘इतर हक्क’ हा रकाना दोन्ही वाचा, खरी गोष्ट बहुतेकदा दुसऱ्यात असते.

मग शहराचा विकास आराखडा. त्यात ती जागा ‘क्रीडांगण’ म्हणून आरक्षित आहे का ते नगररचना विभागात बघायला मिळतं. आरक्षण आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप उठतं. पोरं मैदानात खेळत असतात आणि तिकडे मुदत संपत असते.

दुसरा रस्ता कलम ३७ चा: आरक्षणात फेरबदल. त्यासाठी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, मुदत एक महिन्याची. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते. मुदतीत आलेली हरकत सुनावणीला घ्यावी लागते, मुदतीनंतरच्या मोर्च्याला कायद्यात रकाना नाही.

१७. हरकत कोण घेऊ शकतं? आमची संस्था नोंदणीकृत नाही.

कुणीही नागरिक. नोंदणी लागत नाही. अर्ज साध्या कागदावर चालतो. सर्व्हे नंबर किंवा आरक्षण क्रमांक, सूचनेची तारीख, आणि मैदान प्रत्यक्षात वापरात असल्याचा पुरावा जोडा: स्पर्धेची पत्रकं, तारखेसह फोटो, भाडं भरल्याच्या पावत्या. एकाच मजकुरावर दोनशे सह्या घेण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत दहा अर्ज दिलेले बरे. आवक-जावक खिडकीवर दोन प्रती न्या, एक त्यांच्याकडे ठेवा आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक टाकून घ्या. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ म्हणाले तर बाहेर बाकड्यावर बसा, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका.